श्रद्धांजली पुरे झाली, आता मैदानाचं बोला

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा. आणि वाचून झाल्यावर खाली हात जोडलेली चित्रं टाकू नका, शेवटी एक काम सांगितलंय ते करा.

आज सरांना जाऊन एकवीस दिवस झाले. बसस्थानकासमोरचा फ्लेक्स अजून तसाच आहे. पावसानं एक कोपरा फाटलाय, पण उतरवलेला नाही. काल थांबून मोजले, चौदा चेहरे आहेत. वर मधोमध सर, कुठल्याशा ओळखपत्रावरून काढून मोठा केलेला फोटो, अंधुक. खाली दोन रांगांत ‘शोकाकुल’ मंडळी, इस्त्रीच्या कपड्यात, एकदम स्पष्ट. ज्या माणसानं पस्तीस वर्षं या गावच्या पोरापोरींना खो-खो शिकवला तो फ्लेक्सवर धूसर, आणि ज्यांनी आयुष्यात एकदा उद्घाटनाला नारळ फोडला ते झळझळीत.

फ्लेक्सवर राग काढून काय होणार, असं म्हणाल. खरंय. फ्लेक्स उद्या फाटेल आणि कुणीतरी तो गोठ्यावर टाकायला नेईल. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. याच चौदा चेहऱ्यांपैकी काहींनी ‘सरांचं यथोचित स्मारक’ म्हणून एक प्रस्ताव तयार केलाय. सरांच्या नावानं क्रीडा संकुल. ऐकायला किती बरं वाटतं! मी नकाशा पाहिलाय. रस्त्याच्या बाजूला गाळे. वर बहुउद्देशीय सभागृह, म्हणजे लग्नाचा हॉल, हे तुम्हाला-मला कळतं. मागे एक इनडोअर खोली. आणि मधली मोकळी जागा, जिथं आज खो-खोचे दोन खांब उभे आहेत, तिथं नकाशात पार्किंग लिहिलंय.

म्हणजे सरांचं नाव कमानीवर आणि सरांच्या मैदानावर बोलेरो.

हे कळलं त्या रात्री मला माझ्या एका वर्गमित्राचा फोन आठवला. तो सरांच्याच हाताखाली खेळला. आता अमेरिकेत, डेट्रॉइट शहराजवळ, मोटारींच्या कंपनीत आहे. सर गेल्याचं कळल्यावर त्यानं मला फोन केला, आणि पहिला प्रश्न काय विचारला? अंत्ययात्रा किती वाजता, हे नाही. त्यानं विचारलं, “अरे, मग आता मैदानावर पाणी कोण मारणार?”

मला तेव्हा तो प्रश्न विचित्र वाटला. मग त्यानं मला स्पार्की अँडरसनची गोष्ट सांगितली. नंतर चार रात्री मी ती वाचून काढली. आज तुम्हाला सांगतो, कारण या गावात कुणीतरी ती सांगायला हवी.

बेसबॉल आपल्याला परका खेळ. मॅनेजर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बँकेचा किंवा लॉजचा मॅनेजर येतो. बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक. कोण खेळणार, कुठल्या क्रमानं, गोलंदाजासारखा जो पिचर असतो त्याला कधी काढायचं, हे सगळं त्याच्या हातात. आणि गंमत म्हणजे तो कोट-टाय घालून बसत नाही, खेळाडूंचाच गणवेश घालतो, पाठीवर नंबर असलेला. पिचर बदलायचा झाला की स्वतः चालत मैदानाच्या मध्यापर्यंत जातो आणि त्याच्या हातातून चेंडू घेतो. हजारो लोक बघत असतात. म्हणून तिथं मॅनेजर म्हणजे लोकांच्या ओळखीचा, रोजच्या बघण्यातला माणूस असतो.

स्पार्की हे टोपणनाव. खरं नाव जॉर्ज ली अँडरसन. जन्म १९३४ चा, साउथ डकोटा राज्यातल्या ब्रिजवॉटर नावाच्या छोट्या गावातला. खेळाडू म्हणून वरच्या पातळीवर एकच हंगाम खेळला, १९५९ मध्ये. एकही होमरन नाही. म्हणजे खेळाडू म्हणून साधारणच. पण १९७० पासून सिनसिनाटी रेड्स संघ त्याच्या हातात आला. नेमणूक झाली तेव्हा वय पस्तीस. तिथल्या वर्तमानपत्रानं विचारलं होतं, हा स्पार्की कोण? त्यानं १९७५ आणि १९७६, अशी सलग दोन वर्षं संघाला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. पुढची दोन वर्षं दुसरा नंबर आला, तर मालकांनी त्याला काढून टाकलं. बघा, नारळ देणं हा प्रकार तिकडेही आहे.

१९७९ मध्ये तो डेट्रॉइटला आला. डेट्रॉइट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचं, कामगारांचं शहर. तोवर कारखाने बंद पडायला लागले होते, माणसं शहर सोडून जात होती. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्यावर परळ-लालबागचं जे झालं, ते आठवा म्हणजे चित्र डोळ्यासमोर येईल. अशा शहरात १९८४ साली डेट्रॉइट टायगर्सनं पहिल्या ४० सामन्यांपैकी ३५ जिंकले आणि वर्ल्ड सिरीजही जिंकली. दोन वेगवेगळ्या लीगमध्ये वर्ल्ड सिरीज जिंकून देणारा स्पार्की हा पहिला मॅनेजर ठरला.

पण लोक जिंकणाऱ्यावर प्रेम करतात यात काय नवल? मला थांबवलं ते पुढच्या तीन गोष्टींनी.

पहिली. १९८९ मध्ये हाच संघ १०३ सामने हरला. स्पार्की इतका खचला की हंगामाच्या मध्येच काही दिवस घरी जाऊन बसला. लोकांनी त्याला हाकललं नाही. तो परत आला आणि १९९५ पर्यंत डेट्रॉइटमध्येच राहिला. सतरा हंगाम.

दुसरी. १९८७ मध्ये त्यानं डेट्रॉइटमधल्या रुग्णालयांत उपचार घेणाऱ्या मुलांसाठी एक संस्था सुरू केली. ‘कॅच’ तिचं नाव. संघ सोडल्यावरही ती चालू राहिली. गावात राहिलो तर गावचं काहीतरी देणं लागतो, एवढा साधा हिशोब.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. ऑगस्ट १९९४ मध्ये बेसबॉल खेळाडूंनी संप केला. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच झाली नाही. १९९५ च्या वसंतात मालकांनी ठरवलं, संपकऱ्यांच्या जागी बदली खेळाडू घेऊन हंगाम सुरू करायचा. सगळ्या मॅनेजरांना हुकूम आला. मॅनेजर हा मालकाचा माणूस, खेळाडूंच्या संघटनेचा सभासद नव्हे. पगार मालक देतो. साठी पार केलेल्या स्पार्कीनं सांगितलं, बदली खेळाडूंचा संघ मी सांभाळणार नाही. यात खेळाची थट्टा होते, असं त्याचं म्हणणं. तो बिनपगारी रजेवर गेला. मॅनेजरांमध्ये असं करणारा तो एकटा. पुढे एप्रिलमध्ये संप मिटला, तो परत आला, तेवढा हंगाम पूर्ण केला आणि निवृत्त झाला. पुन्हा कुणी त्याला संघ दिला नाही.

गिरणी संप पाहिलेल्या महाराष्ट्राला ‘बदली’ शब्दाचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. कामगारांच्या शहरातल्या माणसांनी त्या म्हाताऱ्याला मनात का ठेवलं, तेही सांगायला नको.

४ नोव्हेंबर २०१० ला स्पार्की गेला. वय ७६. शेवटी स्मृतिभ्रंश झाला होता. त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, अंत्यसंस्काराचा कार्यक्रम नको, शोकसभा नको. आता विचार करा, आपल्याकडे असं कुणी सांगितलं असतं तर? आपण म्हटलं असतं, त्यांचा मोठेपणा, आणि सांगितलेलं बाजूला ठेवून दोन मंडप घातले असते.

मग त्या शहरातल्या लोकांनी आठवण कशी ठेवली? आता मैदानाची गोष्ट येते.

स्पार्कीनं आपली सतरा वर्षं ज्या मैदानात काढली ते टायगर स्टेडियम एप्रिल १९१२ मध्ये सुरू झालेलं. शेवटचा सामना सप्टेंबर १९९९ ला झाला. संघ नव्या स्टेडियमात गेला. जुनं स्टेडियम दहा वर्षं ओस पडलं आणि २००९ पर्यंत पूर्ण पाडलं गेलं. राहिलं काय? साडेनऊ एकर मोकळी जागा, एक उंच ध्वजस्तंभ आणि माजलेलं गवत. कुंपण, कुलूप. जागा नगर प्रशासनाची.

मे २०१० मध्ये या संघाचे लाडके समालोचक अर्नी हार्वेल वारले. चाळीसहून जास्त वर्षं रेडिओवर ज्यांचा आवाज घराघरात होता तो माणूस. नव्या स्टेडियमात पार्थिव ठेवलं तेव्हा हजारो लोक रांगेत उभे राहिले. त्याच सुमारास काही चाहते गवत कापायची यंत्रं, फावडी, कचऱ्याच्या पिशव्या घेऊन जुन्या मैदानात शिरले. परवानगी नव्हती. कंबरभर गवत होतं, बाटल्या, टायर, काय काय. त्यांनी साफ करायला सुरुवात केली. पोलिसांनी हटकलं, बाहेर काढलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. खेळाची मधली जागा मोकळी केली, माती सारखी केली, पांढऱ्या रेषा आखल्या. मैदानाचं १९१२ मधलं नाव नॅविन फील्ड, तेच आपल्या गटाला घेतलं. स्पार्की गेला तेव्हा त्या मैदानाची काळजी असं पदरचं पेट्रोल घालून लोकच घेत होते.

हे एका उन्हाळ्यापुरतं नाही चाललं. सहा-सात वर्षं चाललं. रविवारी बापलेक यायचे, चेंडू टाकायचे. लग्नाचे फोटो काढायला जोडपी यायची. जिथं स्पार्की चालत जाऊन पिचरच्या हातातून चेंडू घ्यायचा, नेमकं तिथं उभं राहून कुणाचाही पोरगा चेंडू टाकू शकत होता. तिकीट नाही, उद्घाटन नाही, प्रमुख पाहुणे नाहीत.

आता इथंच एक शहाणा म्हणेल, “अमेरिकेचं काय सांगतोस, त्यांच्याकडे पैसा आहे.” थांबा. याच डेट्रॉइट शहरानं जुलै २०१३ मध्ये कोर्टात दिवाळखोरी जाहीर केली. सुमारे १८ अब्ज डॉलरचं कर्ज. अमेरिकेच्या इतिहासातली ही कुठल्याही शहराची सगळ्यात मोठी दिवाळखोरी. रस्त्यावरचे दिवे लावायला पैसे नव्हते. आपली नगरपरिषद कितीही रडली तरी अजून तिथवर गेलेली नाही. गवत पैशानं कापलं गेलं नाही. ज्यांना तिथं स्पार्की दिसत होता त्यांनी ते कापलं.

आणि मी तिकडची आरती ओवाळतोय असंही समजू नका. टायगर्स संघानं स्पार्कीचा ११ नंबर सन्मानानं निवृत्त केला, म्हणजे तो यापुढे कुणाला द्यायचा नाही असं ठरवलं, ते कधी? जून २०११ मध्ये. माणूस गेल्यावर सात महिन्यांनी. सिनसिनाटीनं, ज्यांनी त्याला काढून टाकलं होतं, त्यांनी तरी त्याचा १० नंबर २००५ मध्ये, तो जिवंत असताना निवृत्त केला. तो राहायचा त्या कॅलिफोर्नियातल्या गावच्या विद्यापीठानं २००६ मध्ये आपल्या मैदानाला त्याचं नाव दिलं, तेही जिवंतपणी. आणि ते दिलं कशाला? मैदानाला, जिथं आजही पोरं खेळतात. डेट्रॉइटच्या मालकांनी मात्र माणूस जायची वाट पाहिली. माणूस मेल्यावर मोठा करायची खोड सगळीकडे सारखीच.

जुन्या मैदानाचा शेवटही पूर्ण गोड नाही. २०१८ मध्ये तिथं मुलांसाठी नवं मैदान झालं, पण खरं गवत काढून कृत्रिम हिरवळ घातली. वर्षानुवर्षं गवत राखणाऱ्यांना ते लागलं, आणि लागायलाच हवं. कडेला इमारत झाली, खाली दुकानंही आली. पण मंडळी, लक्ष द्या, दुकानं कडेला झाली. मैदान मैदानच राहिलं. ध्वजस्तंभ जागेवर आहे आणि मध्ये पोरं खेळतायत. त्या हट्टी लोकांनी ती जागा जिवंत ठेवली नसती, तर तिथं आज दुसरंच काही उभं असतं, असं माझा मित्र म्हणतो. मलाही तसंच वाटतं.

आता आपल्याकडे या.

२ जानेवारी २०१९ ला रमाकांत आचरेकर सर गेले. मालवणात जन्मलेला माणूस. स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळला, आणि शिवाजी पार्कवर उभं राहून त्यानं सचिन, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, अजित आगरकर अशी रांग लावली. स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे, सचिनला जो बाद करेल त्याचं नाणं, नाबाद राहिला तर सचिनचं. अशी तेरा नाणी सचिननं जपून ठेवलीत, हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर पोरांनी बॅटी उंचावून कमान केली, सचिननं खांदा दिला. १९९० चे द्रोणाचार्य, २०१० चे पद्मश्री. तरी शासकीय इतमामात निरोप नाही. मग संवादात काहीतरी राहून गेलं, असा खुलासा आला.

मी तेव्हा पेटून उठलो होतो. इथंच पोस्ट लिहिली होती, ‘महाराष्ट्राला लाज वाटली पाहिजे’. माझी सगळ्यात जास्त शेअर झालेली पोस्ट ती. आज ती पुन्हा काढून वाचली. बंदुकीच्या सलामीवर मी सहाशे शब्द लिहिले होते. मैदान या विषयावर शून्य. आणि त्याच आठवड्यात आपल्या गावच्या मैदानावर फटाक्यांचे स्टॉल लावून उरलेला दिवाळीचा कचरा दोन महिने पडून होता. सर आणि त्यांच्या पोरी काचा वेचत होत्या. मी रोज तिथून गाडीवरून जात होतो. बातमी केली नाही.

सलामी मिळायला हवी होती, यात वाद नाही. पण आचरेकर सरांचं खरं स्मारक सलामीत नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर त्यांचं स्मारक उभं राहिलं, चांगलं झालं. मात्र ते शोभतं कशामुळे? समोर मैदान आहे म्हणून. आजही सकाळी जा, नेट लागलेली असतात, कुठल्यातरी सरांचा ओरडा ऐकू येतो. उद्या समजा तिथं पार्किंग झालं आणि स्मारक तेवढं राहिलं, तर ती नुसती गाड्यांच्या मधली शोभेची वस्तू होईल.

आपल्या सरांचं स्मारक करताना आपण नेमकं तेच करायला निघालोय.

आता गाळेवाल्यांचे दोन मुद्दे, प्रामाणिकपणे.

“गाळ्यांतून नगरपरिषदेला उत्पन्न मिळेल.” मिळू द्या की. पण जुन्या भाजी मंडईवरचे गाळे आधी भरा ना! शटरवर गंज चढलाय. तिथं भाडेकरू मिळत नाहीत आणि मैदानावर मिळतील, हा हिशोब कुणी केला? आणि बांधायचेच असतील तर रस्त्याच्या कडेला, कुंपणाच्या भिंतीला लागून बांधा, मैदान अख्खं ठेवा. डेट्रॉइटला जमलं, आपल्याला का जमू नये? खो-खोला जागा लागते किती? २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. एखाद्या पुढाऱ्याच्या बंगल्याचं अंगण याहून मोठं असतं.

“खेळतंय कोण आता? पोरं मोबाइलवर असतात.” हे म्हणणाऱ्यानं सकाळी साडेपाचला एकदा मैदानावर यावं. यायचं नसेल तर माझ्याकडून ऐका. एका बाजूला पोलीस भरतीची पोरं पळतात, मुलं सोळाशे मीटर, मुली आठशे मीटर. त्यांना दुसरी जागा नाही, हायवेवर पळतात तेव्हा मागून ट्रक येतो. दुसऱ्या बाजूला सरांची शेवटची बॅच. सगळ्या मुली, सातवी ते बारावी. बहुतेक जणींची आई शेतात नाहीतर कुणाच्या घरी कामाला. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. सरांच्या हाताखालच्या किती पोरी त्या वाटेनं खाकी वर्दीत गेल्या, हे या गावाला माहीत आहे. त्यातली एक मयताला वर्दीतच आली होती, थेट ड्युटीवरून. तिनं सरांना सलाम केला. आमच्या गावातला शासकीय इतमाम म्हणाल तर तो एवढाच, आणि तो पुरेसा होता.

गेले एकवीस दिवस या मुली स्वतःच येतात. मोठी लहानीला शिकवते. पण फक्की संपलीय. खेळाच्या रेषा पुसल्या गेल्यात.

या रेषांवरून एक आठवण. सर चुन्याची फक्की स्वतः टाकायचे, दोरी लावून, वाकून, कंबर दुखत असताना. ताज्या रेषेवर कुणाचा पाय पडला की असा आवाज लावायचे की पलीकडच्या हॉटेलातला चहावाला दचकायचा. स्पार्कीबद्दल वाचताना हसू आलं, तोही मैदानात जाताना-येताना पांढऱ्या रेषेवर कधी पाय ठेवायचा नाही, ओलांडून जायचा. म्हणे अंधश्रद्धा. असेल. मला वाटतं, ज्यानं ती रेष आखायला किती कष्ट पडतात हे पाहिलंय, त्याचा पाय आपोआप उचलला जातो.

आता माझ्याकडे बोट. सर गेले त्या दिवशी मी बातमी तासाभरात लिहून पाठवली. ‘क्रीडा क्षेत्रात कधीही भरून न निघणारी पोकळी’. हे वाक्य मी वीस वर्षांत किती जणांसाठी वापरलं, देव जाणे. पोकळी भरून निघत नाही, असं लिहिणं सोपं. पोकळी भरायला सकाळी साडेपाचला उठावं लागतं. मी आठ वाजता उठतो.

म्हणून ही पोस्ट. मला सरांचं नाव कमानीवर नको असं नाही. द्या नाव, मोठ्या अक्षरात द्या. पण आधी मैदान, मग नाव. मैदान जाणार असेल तर नावही नको. सरांचं नाव आमच्याच विरोधात वापरलं जातंय. प्रस्तावाला विरोध केला की म्हणतात, “सरांच्या स्मारकाला विरोध करतोस?” नाही हो. सरांच्या नावाआड जे चाललंय त्याला विरोध करतोय.

आता काम. नीट वाचा.

एक. ही जागा गावच्या विकास आराखड्यात क्रीडांगण म्हणून आरक्षित आहे. हे आरक्षण फिरवायचं तर सभागृहात हात वर करून भागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७, त्यानुसार नोटीस काढून लोकांकडून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. नोटीस बऱ्याचदा अशा जागी छापतात की कुणी वाचू नये. मी रोज बघतोय. आली की इथं टाकतो. त्या दिवसापासून एक महिन्याची मुदत असते. हरकतीचा नमुना मी तयार करून ठेवलाय, मागेल त्याला पाठवतो. शंभर लाइकपेक्षा सही केलेला, पोच घेतलेला एक कागद जड असतो, हे मी पत्रकार म्हणून सांगतो.

दोन. ज्यांचे पाल्य सरांकडे खेळले, जे आज नोकरीत आहेत, पुण्या-मुंबईत आहेत, बाहेर देशात आहेत, त्यांनी नुसतं ‘मिस यू सर’ लिहू नका. आपापल्या वॉर्डाच्या माणसाला फोन करा. नावानिशी विचारा, “तुमचं मत पार्किंगला की मैदानाला?” उत्तर इथं येऊन सांगा.

तीन. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मैदानावर या. खुरपं, विळा, झाडू, बादली, जे असेल ते आणा. गाजरगवत काढायचं आहे, पाणी मारायचं आहे, रेषा आखायच्या आहेत. फक्कीच्या दोन गोण्या मी आणतोय. दोरी कशी लावायची ते मुलींना येतं, त्या सांगतील तसं करायचं. फोटो काढायचे असतील तर काम झाल्यावर काढा. आणि फ्लेक्सवरच्या चौदा जणांनाही आमंत्रण आहे. मनापासून. टोमणा नाही. एक विळा जास्तीचा ठेवतो.

वर्गमित्राला काल फोन केला. म्हटलं, पाणी कोण मारणार ते अजून ठरलं नाही, पण रविवारी मी मारतोय. तो म्हणाला, “पहिल्यांदा खांबाजवळ मार. तिथली माती जास्त उकरते.”

पस्तीस वर्षं सर नेमके तिथूनच सुरुवात करायचे.

रविवारी या.